सोपानरावांचं जाकीट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो. वाचून झालं की वाटतं, आपलंही एकदा लिहून टाकावं... आणि मग काहीतरी काम निघतं. खरं तर निघत नाही, मीच काढतो. कारण जे अघटित घडलं तेवढंच सांगून भागत नाही. त्याच्या आधी आणि नंतर मी काय केलं, तेही सांगावं लागतं. आता वय झालंय, बायपास झालीय, आणि ज्यांच्यासमोर मान खाली गेली असती अशी माणसं एकेक करून निघून गेली आहेत. म्हणून लिहायला बसलोय.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. कळंबला एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. वर्गात एखादी मुलगी घुमायला लागली की बाकीची पोरं भिंतीला चिकटायची, आणि मी तिला साखरपाणी पाजून सकाळी काय खाल्लंस ते विचारायचो. बहुतेक वेळा काही खाल्लेलं नसायचं. माझ्यापुरतं प्रकरण तिथं मिटायचं.

शाळेबाहेर मला एकच वेड होतं — नाटक. आमची हौशी मंडळी होती. वर्षाला एक नाटक बसवायचं, पहिला प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये गावासाठी करायचा आणि मग स्पर्धेला न्यायचं. लिहायचो मी, दिग्दर्शनही माझंच, पण खरा जीव अडकलेला असायचा तो वेशभूषेत.

त्यात माझी एक पद्धत होती. नवे कपडे शिवायचे नाहीत आणि भाड्यानं तर अजिबात आणायचे नाहीत. भाड्याचा कपडा कुणाचाच नसतो, त्यात माणूस दिसत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई आमच्या गल्लीत यायची. तिच्याशी माझं ठरलेलं होतं — गाठोडं आधी माझ्या ओट्यावर सोडायचं. त्या गाठोड्यातून मी पात्रं उचलायचो. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावून घेतलेला शर्ट मिळाला की माझा चिक्कू सासरा तयार. सारखा मुठीत धरून चुरगळलेला पदर दिसला की धाकात राहिलेली सून. खांद्यापाशी एका बाजूला विटलेला सदरा म्हणजे रोज एकाच खिडकीशी बसून नोकरी केलेला माणूस. नट कितीही कच्चा असो, असा कपडा अंगावर चढला की त्याचं निम्मं काम झालेलं असायचं. लोक म्हणायचे, सरांच्या नाटकात पात्र तोंड उघडायच्या आधीच कळतं. मला ते ऐकायला फार आवडायचं.

आता सोपानराव. आमच्या शाळेतले क्लार्क. मूळचे सास्तूरचे. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, बायको गेली. मूलबाळ नव्हतं. नंतर ते कळंबला आले आणि विधवा बहिणीसोबत भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागले. त्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. सोपानराव कमी बोलायचे, पण माणूस कोरडा नव्हता. स्टाफरूममध्ये कुणी चहा उशिरा आणला तर म्हणायचे, "दूध काढायला गेल्ता का काय?" एवढाच त्यांचा विनोद, आणि तो आम्हाला रोज चालायचा. ओळखायची खूण म्हणजे त्यांचं जाकीट. तपकिरी, जाड कापडाचं, बिनबाह्यांचं. उन्हाळ्यात आपण घामानं भिजत असताना हा माणूस ते घालून बसलेला. सगळं गाव त्यांना त्या जाकिटावरून ओळखायचं.

त्यांच्याबद्दल एक कुजबूज होती. सास्तूरजवळच्या लोहाऱ्याकडच्या कुणीतरी ती कळंबपर्यंत आणली होती. जमीन हलली तेव्हा सोपानराव बायकोला आत टाकून पळाले म्हणे. नाहीतर सगळं घर बसलं आणि हा एकटाच बाहेर धडधाकट कसा? त्यांच्या कानावर ते गेलंच असणार, पण त्यांनी कधी त्यावर शब्द काढला नाही. न बोलणं म्हणजे कबुलीच, असं लोकांनी धरलं. मीही धरलं.

भूकंपाला दहा-बारा वर्षं होऊन गेल्यावर मला त्यावर नाटक लिहावंसं वाटलं. मी सोपानरावांना गाठलं. म्हणालो, तुम्ही पाहिलेलं सांगा, मी त्याचं सोनं करतो. ते जाकिटाचं बटण चाचपत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या सर. नाटकाजोगं काय न्हाय त्यात." दोनचार वेळा विचारलं, प्रत्येक वेळी हेच. मला राग आला. हे आज लिहिताना सोपं वाटतंय, तेव्हा मी स्वतःलासुद्धा ते कबूल केलं नव्हतं. मग मी कुजबुजीवरच नाटक लिहिलं. माणिक नावाचा एक माणूस, जमीन हलताच बायकोला सोडून पळतो, आणि पुढं आयुष्यभर गावाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. माणिकची भूमिका विलासकडं होती. विलास येरमाळ्याचा, हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं. उत्साही गडी, आवाज मोठा. सोपानरावांशी त्याची ओळखही नव्हती.

तालमी रंगात आल्या होत्या, माणिकचे कपडे तेवढे ठरायचे होते. अशात एका बाजाराच्या दिवशी गाठोडं सुटलं आणि आतून ते तपकिरी जाकीट निघालं. मी ओळखलं. मी भांडेवालीला विचारलंही, हे कुणी दिलं? ती म्हणाली, "क्लारकाच्या भैनीनं. चांगलं ठोक्याचं पातेलं न्हेलं की."

मी ते उलटसुलट करून पाहिलं. पाठ चांगली होती. छातीवर मात्र कापड पार घासलेलं, लव गेलेली, बटणांच्या कडेला धागे तुटलेले. मी मनाशी म्हणालो — हा छातीशी आखडून, वाकून जगणाऱ्याचा कपडा आहे. भित्र्याचा. माझ्या माणिकचा.

रंगीत तालमीच्या दिवशी ते मी पिशवीतून काढलं. आमचा मेकअप गफूरभाई करायचे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी विलासच्या तोंडावरचा हात थांबवला.

"सर, हे सोपानरावांचं न्हवं का?"

"गाठोड्यात आलं. असेल कुणाचं तरी."

"कुणाचं तरी न्हाय. आंधळा बी सांगंल कुणाचं हाय ते. बराबर दिसत न्हाय हे, सर."

"गफूरभाई, तुम्ही चेहरे बघा. कपडे मी बघतो."

 विलासला पावडर लावणं तेवढं नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं.

त्या तालमीत एक बारीक गोष्ट झाली. विलासचा उजवा हात मोकळा पडेना. बोटं अर्धी वळलेली, जणू काहीतरी धरलंय. मी दोनदा ओरडलो, हात सैल सोड. तो सोडायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा तसाच. "सर, हे लई जड लागायलंय," एवढंच तो जाकिटाबद्दल म्हणाला. मी म्हटलं, जाड कापड आहे, लागणारच.

प्रयोग संध्याकाळचा होता. हॉल भरलेला. शाळेचा स्टाफ पुढच्या खुर्च्यांवर, त्यात सोपानराव. नव्या कोऱ्या स्वेटरमध्ये, जरा अवघडून बसलेले. पडदा उघडला, विलास आला, आणि हॉलमध्ये एकदम खुसखुस झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "क्लार्कसाहेब, जाकीट सापडलं बघा तुमचं." लोक हसले. मी विंगेतून पाहत होतो. सोपानराव समोरच पाहत बसले होते. मान वळवली नाही, उठले नाहीत. मला त्यावेळी काय वाटलं तेही लिहितो — मला वाटलं, जमलं. पात्र तोंड उघडायच्या आधीच कळलं.

मग भूकंपाचा प्रवेश आला. मी बसवलेलं असं होतं — आवाज, धूळ, दिवे विझत जातात, माणिक क्षणभर घराकडं पाहतो आणि उजव्या विंगेत पळून जातो. मागं अंधारातून बायकोची हाक येत राहते. विलासनं ते तालमीत पुन्हापुन्हा केलेलं होतं. झोपेत केलं असतं त्यानं.

तो पळाला नाही.

तो विंगेकडून उलट आत आला. स्टेजवर मधोमध पालथा पडला, छाती जमिनीला टेकवून. डावा कान फळ्यांना लावला. आणि उजवा हात — तोच, अर्धा वळलेला — फळीवर आपटायला लागला. ठोकायचा, थांबायचा, ऐकायचा. पुन्हा ठोकायचा. मूठ पूर्ण मिटलेली नव्हती. बोटांच्या आत पोकळी होती, भांडं धरावं तशी. मी विंगेतून दबक्या आवाजात, "विलास, निघ, निघ," म्हणत होतो. त्याला ऐकू जात नव्हतं. मग तो बोलला. माझ्या संहितेत नसलेलं. आवाजही त्याचा मोठा, खणखणीत आवाज नव्हता, घसा बसल्यासारखा होता.

"म्या हितंच हाय. कुठं बी जात न्हाय. म्या हितंच हाय."

तेच, पुन्हापुन्हा. बायकोच्या हाका देणारी आमच्या मंडळीतली मुलगी आतमध्ये गप्पच झाली.  आणि पुढच्या खुर्च्यांमधून सोपानराव उठून उभे राहिले. हात बाजूला सोडून नुसतेच उभे. शेवटी मी दिवे पूर्ण घालवले. पुन्हा उजेड झाला तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

मध्यंतरात विलास घामानं चिंब होऊन बसला होता. मला म्हणाला, "सर, मी पळालो ना?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. गफूरभाईंनी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि त्यानं काय केलं ते सांगितलं. विलास आपल्या हाताकडं बघत म्हणाला, "हे तुमी सांगितलं नव्हतं ना मला?"

बाहेर लोक येऊन माझा हात दाबत होते. सर, काय प्रवेश बसवलाय. सर, अंगावर काटा आला. मी विलासला म्हणालो, "सांगितलं होतं. पहिल्या तालमीत. विसरलास तू."

माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या सहज खोटं कधी बोललो नव्हतो. गफूरभाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते ब्रश पुसायला लागले.

स्पर्धेलाही आम्ही तेच नाटक नेलं, त्याच जाकिटात. विलासनं तो प्रवेश तसाच केला, कारण आता मी त्याला खरोखरच शिकवला होता. चांगला केला. पण तो अभिनय होता, आणि तो फरक फक्त मला आणि गफूरभाईंना दिसत होता. परीक्षकांनी वेशभूषेचं बक्षीस दिलं आणि त्या पोकळ मुठीचा खास उल्लेख केला — दिग्दर्शकानं फार विचारपूर्वक योजलेली, अस्वस्थ करणारी मूठ. मी स्टेजवर जाऊन नमस्कार केला.

सोपानराव त्यानंतर थोडेच दिवस शाळेत होते. नाटकाचा पुढचा भाग मी लिहिला होता तसाच झाला होता, गावानं माणिकला धिक्कारणं वगैरे, आणि लोकांना तेवढंच सोयीचं आठवलं. पोरं त्यांच्या खिडकीसमोरून मुद्दाम पळत जायची. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बहिणीला घेऊन सास्तूरला परत गेले. कुणी विचारलं तर मी सांगायचो, जाकीट चुकून आलं हो गाठोड्यात, मला काय माहीत कुणाचं ते.

काही महिन्यांनी मला राहवेना. लातूरमार्गे एसट्या बदलत दुपारी सास्तूरला पोचलो. जाकीट पिशवीत होतं. नवं गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेले रस्ते, सारखी घरं. विचारत विचारत गेलो. सोपानराव रानात होते. आक्का दारात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला बघितलं, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत त्याच बोलल्या.

"चूक माजी हाय, सर. म्याच दिलं ते बाईला. म्हनलं, हे आंगावरनं उतरल्याबिगर ह्यो मानसात यायचा न्हाय. भूकंपाच्या पहाटं हेच हुतं त्याच्या आंगात."

मी म्हणायला हवं होतं की चूक तुमची नाही. मी फक्त विचारलं, "पहाटे?"

"टमरेल घिऊन परसाकडं गेल्ता. थंडी हुती म्हनून जाकीट घातलं. तेवढ्यात सगळं बसलं. पळत आला तर घर न्हाईच, नुस्ता ढिगारा. दगडांवर पालथा पडला आन् त्याच टमरेलानं ठोकायला लागला. आतून ती जबाब द्यायची. दुपारपातुर देत हुती. मंग न्हाय. तरी ह्यो ठोकतच हुता — म्या हितंच हाय, म्या हितंच हाय. घसा गेला त्याचा."

"मग लोकांना का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? बायकू मेली आन् म्या परसाकडं गेल्तो? लाज वाटली त्याला. माज्याबिगर कुनाला बोलला न्हाय. म्या बी न्हाय बोलले. आज तुमाला सांगितलं."

मी पिशवीतलं जाकीट चाचपलं. छातीवरची ती झीज. कापड खरंच बोललं होतं, मीच त्यातून मला हवं ते वाचलं होतं.

सोपानराव आले. मला बघून गोंधळले, मग हात धुऊन म्हणाले, "आक्का, सरांना जेवल्याबिगर सोडू नकू." मी जाकीट पुढं केलं. त्यांनी घेतलं, घडी घातली आणि काखेत धरलं. मी येताना काय बोलायचं ते जुळवत आलो होतो. सुरुवात करणार तोच त्यांनी विचारलं,

"सर, एक इचारू? तो हात... विलासचा. तो तुमी बसवला हुता का?"

इथं मला खरं सांगता आलं असतं. आक्का तव्यावर भाकरी टाकत होत्या. मी म्हणालो, "हो."

 त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला, की शाळेत इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"म्हंजे तुमाला कळलं हुतं," ते म्हणाले. "कुणी न सांगता कळलं. लोक काय बी म्हनू द्या. बरं केलंत, सर."

त्यांनी माझे आभार मानले. मी भाकरी खाल्ली आणि परत आलो.

त्यानंतरही मी सास्तूरला जात राहिलो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. आणि दर वेळी ते शेजारपाजाऱ्यांना बोलवायचे — हे आमचे सर, ह्यांनी माझं नाटक केलं. आता सांगणं म्हणजे त्यांच्या हातातलं तेवढंही काढून घेणं, असं मी स्वतःला समजवायचो. ते खरं होतं, आणि त्यात माझी सोयही होती. मग एका पावसाळ्यात सोपानराव गेले. पुढं आक्काही गेल्या. गफूरभाई तर त्याआधीच.

मी पुष्कळ विचार केला आहे. दगडाला कान लावणं, ठोकणं, हे भूकंपाच्या गावांत अनेकांनी केलेलं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. विलासच्या डोक्यात ते कुठंतरी बसलेलं असू शकतं. जाकीट ओळखून लोक हसले, त्यानं तो भांबावला, हेही मान्य. पण ती मूठ? टमरेल धरलेल्या हाताची ती पोकळी? ती फक्त दोन माणसांना ठाऊक होती, आणि त्यातलं कुणीही विलासशी बोललेलं नव्हतं. ते शब्द?  साखरपाण्यानं मिटेल असं हे प्रकरण नाही.

हे लिहायच्या आधी मी विलासला फोन केला. तो आता पुण्याला मुलाकडं असतो. त्याला सांगितलं की त्या दिवशी मी तुला काही शिकवलं नव्हतं, खोटं बोललो.  मग तो म्हणाला,

"इतकी वर्षं मी समजत होतो, माझंच डोकं कच्चं. मग ते केलं कुणी, सर?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. त्यानं फोन ठेवला. पुन्हा आलेला नाही. त्याचं त्यानं ठरवावं.

राहिलं एकच. सास्तूरला जाताना एसटीत जुळवायचो, आणि दर वेळी दारापर्यंत नेऊन परत आणायचो ते.

सोपानराव, तो हात मी बसवला नव्हता. मला तुमच्याबद्दल काहीच कळलेलं नव्हतं. जाकीट चुकून आलं नव्हतं, लोकांनी तुम्हाला ओळखावं म्हणूनच मी ते निवडलं. मी तुम्हाला सगळ्या गावासमोर पळायला लावलं होतं. तुम्ही पळाला नव्हतात. मला माफ करा.